पाहुण्या संघाचा मफलर

११ ऑगस्ट २०१८, शनिवार
इंग्लंडात फुटबॉलचा सीझन सुरू. टीव्हीवर आमच्या वेदरली संघाचा सामना. पहिल्याच कॉर्नरला डावीकडच्या रिकाम्या खुर्चीतून खोकला आला. एकच, कोरडा. रज्जाक कॉर्नरला असाच खोकायचा. खडकीच्या कारखान्यात आमची टेबलं शेजारी होती, आणि शनिवारी ही खुर्ची त्याची. फेब्रुवारीत गेला.
माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वरच्या मजल्यावरचे श्रीनिवास खोकले असणार.

१२ ऑगस्ट
श्रीनिवास महिनाभर बंगळुरात मुलाकडे आहेत, असं सौ. वासंती म्हणाली. जाताना किल्ली आपल्याकडेच दिली, तुमच्याच हातात, असंही म्हणाली.

१८ ऑगस्ट, शनिवार
पुन्हा खोकला. प्रत्येक कॉर्नरला.
निर्णय घेतला. इंग्लंडला जायचं. वेदरलीचा सामना परक्या मैदानावर बघायचा. ही इच्छा रज्जाकची. टीव्हीवर पाहुण्या संघाचे लोक कोपऱ्यात क्षणभर दिसतात. हरत असले तरी गात असतात. त्याला त्यांच्यात उभं राहायचं होतं. आपण कुठल्याही मैदानावर गेलो तरी पाहुणेच, मग रीतसर पाहुण्यांत उभे राहू, म्हणायचा. दरवर्षी काहीतरी निघायचं.
त्याला तिथे पोहोचवून यायचं. म्हणजे इथलं मिटेल. भावनेचा प्रश्न नाही. घरात शांतता हवी.

२६ ऑगस्ट
खडकीला रज्जाकच्या घरी. त्याच्या पत्नी अख्तरबानूंनी त्याचा वेदरलीचा लाल-पांढरा मफलर काढून दिला. म्हणाल्या, कपाटात याचा वास भरून राहिलाय, दिगंबरभाऊ, मी कपाटच उघडत नाही. घेऊन जा. पण परत आणू नका. तिथेच राहू दे त्याला.
शब्द दिला. मफलर पाहुण्यांच्या कोपऱ्यात ठेवून येणार.
चहा घेताना त्यांनी विचारलं, तुम्हाला खोकला झालाय का. नाही म्हटलं.

८ सप्टेंबर, शनिवार
सामन्याची तिकिटं काढली. वेबसाइटवर दोन पर्याय होते, यजमानांची बाजू आणि पाहुण्यांची. विचार केला. आपल्याकडे पाहुण्याला कोणी वेगळ्या कोपऱ्यात बसवतं का? यजमान त्याला आपल्यात बसवतो. ही गोष्ट तिथल्यांना सुचली नसेल, आपण घालून देऊ. यजमानांमधली ऐन मधली जागा घेतली. नाटकाच्या मध्यंतराला लोक उठतात तसं उठून कोपऱ्यात जाईन, मफलर ठेवून येईन.
रज्जाक असता तर म्हणाला असता, आधी कोणालातरी विचार. विचारण्यासारखं काही नव्हतं.
वासंतीने विचारलं, एकटे जाताय तर दोन जागा कशाला. मफलरला, म्हटलं. मग त्याच्यासाठी स्वेटरही देते, म्हणाली.

४ ऑक्टोबर
विमान. वासंतीने चकल्या दिल्या आहेत. यजमानांसाठी, रिकाम्या हाताने जायचं नाही. शेजारची सीट रिकामी. योगायोग. रज्जाक म्हणाला असता, बेल्ट लाव.
लावला. दोन्ही सीटचे.

६ ऑक्टोबर, सकाळ
ब्रॅमशॉ, यजमान संघाचं गाव. विटांची घरं, थंडी. रज्जाक म्हणाला, खडकीच्या क्वार्टर्ससारखंच आहे, उगीच लांब आलो.
वर ‘म्हणाला असता’ असं वाचावं.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
सविस्तर लिहितो.
मफलर कोटाच्या आत होता. मध्यंतराला उठलो. पाहुण्यांच्या कोपऱ्याकडे जायच्या वाटेवर पिवळ्या कोटातले रखवालदार. सोडेनात. परत येऊन बसलो. यजमान अबोल वाटले. शेजाऱ्याला चकली दिली. त्याने ती फिरवून फिरवून पाहिली आणि खिशात ठेवली.
उत्तरार्धात वेदरलीला कॉर्नर. खोकला आला. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून पाहिलं. म्हणजे त्यालाही ऐकू गेला. ही नोंद महत्त्वाची आहे. मला भास होत नाही.
चेंडू आत गेला. मी उठून ओरडलो. एकटाच उभा होतो. कोटातून मफलर बाहेर लोंबत होता. पिवळ्या कोटातली एक बाई आली, आपण पाहुण्यांपैकी का, असं तिने विचारलं. अखेर कोणीतरी विचारलं. अभिमानाने हो म्हटलं. तिने अदबीने मला जिन्यावरून खाली, दाराबाहेर नेलं. आपल्याकडेही पाहुण्याला दारापर्यंत सोडतात.
रज्जाक म्हणाला, दिगू, व्याह्यांच्या पंगतीत बसलास, उठवणारच.
भिंतीपलीकडे आमचे लोक गात होते. शब्द लागत नव्हते. दोघं ऐकत उभे राहिलो.
गाणं थांबल्यावर मफलर बाहेरच्या कुंपणाला बांधला. कोपरा नाही तर कुंपण. पोहोचवलं. अशा वेळी मागे वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही. रस्त्याच्या वळणावर तीच बाई धावत आली. तुमचं राहिलं, म्हणाली. हवा फार गार आहे म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तो माझ्या गळ्यात गुंडाळला.
नाही म्हणता आलं नाही. यजमान होती.

९ ऑक्टोबर, पुणे
मफलर माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली.
अख्तरबानूंचा फोन. पोहोचवून आलो, म्हटलं. एका अर्थी खरं आहे. म्हणाल्या, बरं केलंत. आजच कपाट उघडते, सगळं उन्हात टाकते.
आता मफलर खडकीला जाऊ शकत नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार
सामना. घसा धरला होता. वासंतीला स्वेटरांखाली मफलर सापडला, तिने तोच माझ्या गळ्यात अडकवला.
पहिला कॉर्नर. खोकला. डावीकडून, स्पष्ट. वासंतीला विचारलं, ऐकलंस? म्हणाली, फेब्रुवारीपासून ऐकतेय. अहो, तुम्हीच खोकता. कॉर्नर आला की खोकता. कोणाची आठवण येत असेल म्हणून बोलले नाही.
दुसऱ्या कॉर्नरला तोंड घट्ट मिटून बसलो. खुर्चीतून काही आलं नाही. वाट पाहिली. चेंडू बाहेर गेला. रज्जाक असता तर काहीतरी म्हणाला असता. काय म्हणाला असता, ते सुचेना.
तिसऱ्या कॉर्नरला मीच खोकलो.