साठी पाहिलेला फुंक्या

"साठी पाहिलेला एक फुंक्या दाखव, मी हप्ता भरतो," असे माझा दादा फार वर्षांपूर्वी काच फुंकता फुंकता भट्टीसमोर घाम पुसत म्हणाला होता. मृत्युपत्राची सुरुवात त्या वाक्याने करू नये असे वकीलबाईंचे मत आहे. पण पुढची सगळी व्यवस्था त्याच वाक्यामुळे करावी लागते आहे.

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, काच कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त, स्वखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे तितकेसे नाहीत. आयुष्यभर बाटल्या उजेडासमोर धरून त्यांतले बुडबुडे आणि तडे शोधले, त्याचा हा प्रसाद. मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. दादाने उलट मोडता घालून पाहिला.

१. घर. दोन खोल्यांचे हे घर माझ्यामागे माझ्या भाचीचे, म्हणजे दादाच्या मुलीचे. मात्र पुढची खोली, जिच्यात सकाळचे ऊन येते, ती दादा असेपर्यंत दादाची. त्याला तिथून कोणी हलवू नये, त्याच्या सोयीसाठी म्हणूनसुद्धा नाही. उन्हात बसले की त्याचा खोकला बसतो.

दादा साक्षीदार म्हणून सही करायला तयार होता. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. तो म्हणाला, "मग मला काही देऊ नका. सही करतो." तो थट्टा करत नव्हता.

२. पेन्शन. हे कलम लिहिता येत नाही, तरी लिहिते. मी गेले की पेन्शन थांबते. नवरा असता तर त्याला मिळत राहिली असती, भावाला नाही. लग्न न केल्याचा पस्तावा मला जन्मात एकदाच झाला, तो हा नियम ऐकून. कारण या पेन्शनवर आम्ही दोघे जेवतो.

दादाला पेन्शन का नाही, ते भाचीला धड कोणी सांगितलेले नाही, म्हणून इथे सांगते. सरकारची म्हातारपणाची योजना आली तेव्हा पगारातून दरमहा हप्ता कापला जाणार होता. ज्याला नको त्याने सही करून बाहेर पडावे, पण एकदा पडला की परत येणे नाही. आमच्याकडे काच तोंडाने फुंकत. फुंक्याचा दम गेला की तो आपली फुंकणी हाताखालच्याला देई आणि घरी बसे, आणि घरी बसलेला फार दिवस बसत नसे. पन्नाशी गाठली तरी लोक नवल करत. फुंक्यांचे म्हणणे असे, की हप्ते आम्ही भरायचे आणि खाणार तपासणीतल्या बायका. सगळ्यांनी एकाच दुपारी सह्या केल्या. मला तेव्हा ते पटले होते. त्या दुपारपुरते ते खरेच होते.

पुढे फुंकायची यंत्रे आली. फुंकण्या भिंतीला टांगल्या गेल्या, दादा बांधणी खात्यात खोकी बांधू लागला, आणि त्याची छाती सुधारली. आज तो चौऱ्याहत्तरचा आहे. "मरायची सगळी तयारी केली, आणि बोलावणंच येईना," असे तो आल्यागेल्याला सांगतो. लोक हसतात. पेन्शनच्या दिवशी मात्र मी बँकेतून परत येईपर्यंत तो घरात थांबत नाही.

यंत्रांच्या धांदलीत आमचे तपासणी खातेही काही काळ बंद होते. हप्ते चुकले असते तर माझे खाते बाद झाले असते. ते दादाने भरले. जी खिडकी त्याने स्वतःसाठी बंद करून घेतली, तिच्यासमोर तो दर महिन्याला रांगेत उभा राहिला. कारकुनाने एकदा विचारले, तुमचे खाते कुठे आहे? "माझं काय करता, बहिणीचं घ्या," म्हणाला. तेव्हा ही पेन्शन नक्की कोणाची, हे मला आजही सांगता येत नाही.

३. फुंकणी. दादाने आपली फुंकणी भंगारात घातली होती. ती मी दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडून परत आणली. कपाटामागे कापडात गुंडाळून ठेवली आहे. ती दादाची.

४. शिडी शेजारणीला. तशीही ती तिच्याकडेच असते. यामुळे तिलाही साक्षीदार होता आले नाही, आणि ती रुसली आहे. शिडीशिवाय सही हवी होती का, विचारले तर म्हणाली, शिडी राहू दे.

५. भाचीविषयी. योजनेतून बाहेर पडायची मुभा आता पुन्हा मिळते आहे. ती दुसऱ्याची सामानगाडी चालवते आणि तिला हप्त्याचे पैसे वाचवून स्वतःची घ्यायची आहे. "आत्या, म्हातारी होण्याआधी मला जगायचंय," म्हणाली. घर देताना 'बाहेर न पडल्यास' अशी अट घाला, असे वकीलबाईंनी सुचवले. मी नको म्हटले. घर तिचे आहे, ती आत राहो वा बाहेर. माणसाला बाहेर पडता यावे असे मलाही वाटते. पण तिशीतल्या माणसाची सही त्याच्यातल्या म्हाताऱ्याने, ज्याला तो अजून भेटलेलाही नाही, जन्मभर पाळायची, हे मला पटत नाही. परतीची वाट असली पाहिजे. भाचीने सही करण्याआधी एक पूर्ण दिवस पुढच्या खोलीत बापाजवळ बसावे, एवढेच सांगणे.

६. बँकेतली शिल्लक. ती खालच्या विनंतीसाठी. विनंती नाकारली गेल्यास भाचीने ती दादाच्या जेवणाखाण्याला आणि औषधाला लावावी, आणि कुठून आली ते त्याला सांगू नये.

ठिकाण: पुढची खोली, उन्हात.
तारीख: महिन्याची पहिली. दादा फिरायला गेला आहे.

सही: मी, हिची आत्या आणि त्याची बहीण.
साक्षीदार: कोपऱ्यावरचा चष्मेवाला, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. दोघांना काहीही मिळणार नाही.

पेन्शन कचेरीतल्या साहेबांस विनंती: परत येणे नाही हा नियम मला माहीत आहे, आणि तुमचे उत्तरही. तरी माझी शिल्लक घ्यावी, दादाने न भरलेले हप्ते तिच्यातून वळते करावेत. कमी पडल्यास घरात माझे शिवणयंत्र आणि कपाट आहे. साठी पाहिलेला फुंक्या पुढच्या खोलीत बसलेला असतो. येऊन पाहावा, आणि त्याचे नाव परत लिहून घ्यावे.