सापाच्या पेटीखालचं पॅड

आजी,

तुला झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. चकलीला घेऊन मी आणि बाबा प्राण्यांच्या डॉक्टरकडे चाललोय. ती तोंड उघडून श्वास घेतेय, नाकाशी बुडबुडे येतायत. डॉक्टरांशी फोनवर मीच बोलले, बाबांकडे दिलाच नाही! त्या म्हणाल्या, घेऊन ये, पण फार आशा ठेवू नकोस.

अगं, सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. काचेच्या पेटीखाली ते गरम पॅड असतं, म्हणून तर चकली खाल्लेलं पचवते, जगते. मी डिबेटसाठी स्पोकेनला होते तेव्हा तू ते काढून विरजणाच्या पातेल्याखाली ठेवलंस. इथे रेडमंडच्या थंडीत दही लागतच नाही, कळतं गं मला. या वेळी मस्त लागलंय, फ्रिजमध्ये ठेवलंय.

तिला गुंडाळायला तुझी शाल घेतलीय. शाल नक्की परत आणीन.

आई ऑफिसमधून फोन करेल. तिला आणि बाबांना मी सांगितलंय की पॅड आपोआप बंद पडलं. तूही तेच सांग. आणि प्लीज, रडत बसू नकोस, जेवून घे.

वल्लरी