डिकीच्या मापाचा डबा

६ जुलै, रविवार
माफ कर, वही. मागची नोंद ३ जानेवारीची आहे: 'आजपासून रोज लिहीन आणि खरं लिहीन.' त्यानंतर सहा महिने काहीच लिहिलं नाही, म्हणजे खोटंही लिहिलं नाही. निम्मा संकल्प पाळला असं धरतो.

आज लिहायचं कारण: २ ऑगस्टला लेकीला होस्टेलवर सोडायचं आहे. गाडीने चार तास. त्याआधी डिकीत सबवूफर, म्हणजे घुमणारा मोठा स्पीकर, बसवणार. त्यासाठी विकतचा चौकोनी खोका नाही. चाकामागच्या पोकळीत चपखल बसेल असा, घरी घडवलेला फायबरग्लासचा डबा. लेक नऊ वर्षांची असताना माझ्या भावाच्या गाडीतून उतरून म्हणाली होती, बाबा, काकाच्या गाडीत गाणं पोटात वाजतं, आपल्या गाडीत नुसतं कानात. ते वाक्य मी नऊ वर्षं जपलंय. हल्ली ती माझ्याशी फार बोलत नाही, सतत इअरफोन. गाडीतच दणदणीत गाणं लागलं की ते काढावे लागतील. मग बोलणं आपोआप.

हिला सांगितलं. म्हणाली, अहो, लेकीशी बोलायचंय ना? मग बोला की. त्याला डिकी कशाला लागते?
टेक्निकल बाजू तिच्या लक्षात आली नाही. की माझ्या?

७ जुलै
वेळापत्रक केलं. हातात तीन रविवार. पहिला साच्याचा, दुसरा डब्याच्या तोंडाचा, तिसरा फक्त ऐकण्यासाठी राखीव.

१३ जुलै, रविवार
सकाळी ८. पोकळीला टेप लावली, त्यावर फॉइल, फॉइलवर मेण. आता काचतंतूंची मॅट अंथरायची, वर रेझिन फासायचं. वाळलं की साचा अलगद बाहेर.

८.४०. रेझिन कडक करणारा हार्डनर किती घालायचा ते बाटलीवर थेंबांत दिलंय. थेंब हे काही शास्त्रीय माप नव्हे. एक झाकणभर घातला.

८.४९. मगातल्या रेझिनचा दगड झाला. त्यात ब्रश उभा. मग स्वयंपाकघरातला होता.

दुपारी १. दुसरा मग (बाथरूममधला). पाच थर पुरतात असं वाचलं होतं, मी भक्कमपणासाठी नऊ दिले. गल्लीच्या टोकाचा डेंटिंगवाला येऊन उभा राहिला. त्याचं आयुष्य बंपर सांधण्यात गेलंय. डिकीत डोकं घालून म्हणाला, साहेब, हात सफाईदार आहे तुमचा, पण आत पोट मोठं आणि तोंड लहान. वाळल्यावर हे बाहेर येणार कुठून? मी म्हटलं, तो पुढचा टप्पा आहे. म्हणाला, बरं.
त्याचं ते 'बरं' मला आवडलं नाही.

१४ जुलै
कोपरापर्यंत खाज. मी क्वालिटी तपासणीत आहे. ऑफिसात आज एका पुरवठादाराचे चाळीस नग अर्ध्या मिलिमीटरसाठी परत पाठवले. शेरा मारला, 'आधी मोजा, मग करा.' डाव्या हाताने मारला, कारण उजवा त्याच डाव्याला खाजवत होता. थोडक्यात, अक्षर वाईट आलं.

१९ जुलै, शनिवार
साचा निघत नाही. ओढला, गाडी हलली. पाय लावून ओढला, गाडी जास्त हलली. डेंटिंगवाला म्हणाला, कापा मधोमध, दोन तुकडे बाहेर काढा, बाहेर जोडा, अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, एकसंधपणा जाईल. म्हणाला, बरं.

शांतपणे विचार केला. डबा ज्या जागेसाठी बनवला त्याच जागेत आहे. मग बाहेर काढायचा अट्टहास कशासाठी?

२० जुलै, रविवार
तोंडाचं काम. प्लायवुडची गोल रिंग ठोकली, त्यावर लोकरी कापड ताणून रेझिन फासलं. कापड एकदम कडक. आकार असा आला की बघत राहावं. कापड म्हणजे हिचा जुना स्वेटर.
संध्याकाळी ६. जुना नव्हता.

२७ जुलै, रविवार
ऐकण्याचा दिवस. स्पीकर भोकात घातला. मागचा मॅग्नेट आतल्या भिंतीला टेकला, स्पीकर एक बोट बाहेर. नऊ थरांपैकी चार कमी असते तर बसला असता. स्पीकर परत खोक्यात, खोका पलंगाखाली. तूर्त डबा आहे, आवाज नाही. पण मुळात काम डब्याचंच काढलं होतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार
सामान दाराशी मांडलं. गादी, दोन बॅगा, बादली, टेबललॅम्प, पुस्तकांचं खोकं. हिने डिकी उघडली, नुसत्या नजरेने मोजली. म्हणाली, गादी इथे मावत नाही. म्हणजे मागच्या सीटवर. बॅगाही तिथेच. मग मी कुठे बसू?
तीच पुढे म्हणाली, जा तुम्ही दोघं, मी फोनवर बघेन खोली. आणि आत जाऊन टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा.
मी चुकलो. याला दुसरं नाव द्यायचा प्रयत्न केला. सापडलं नाही.

मग लेकीने भोकातून आत बघितलं. बाबा, हा भोपळा रिकामाच आहे ना? असं म्हणत तिने सगळे बूट, चपला, टॉवेल आणि शेवटी उशी आत कोंबली. ही दारातून बघत होती, म्हणाली, चला, माझा स्वेटर जातोय तरी पोरीबरोबर. हसली. पूर्ण नाही.

२ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ
निघतानाच लेकीने इअरफोन लावले. अर्ध्या तासाने एक खड्डा आला आणि डब्यात बुटांचा खडखडाट झाला. तिने एक कान मोकळा केला. बाबा, वाजला की तुमचा सबवूफर! पुढच्या खड्ड्याला दुसरा कान मोकळा. त्यानंतर साडेतीन तास आम्ही बोलत होतो. काय बोललो ते लिहीत नाही, लक्षात राहणार आहे.

ते नऊ वर्षांपूर्वीचं वाक्य तिला सांगितलं. म्हणाली, असं म्हणाले होते मी? मला तर त्या गाडीतून उतरून ओकले होते तेवढंच आठवतंय. मग म्हणाली, हे सगळं माझ्यासाठी केलंत? मी म्हटलं, छे, गाडीची किंमत वाढते. हे खोटं बोललो. इथे खरं लिहितो: हो.

घरी पोचलो. हिने विचारलं, खोलीला खिडकी आहे का? कुठल्या बाजूला? ऊन येतं? खाट कशी आहे? मी म्हटलं, खिडकी बहुतेक आहे. तिने माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात लेकीचा फोन. बाबा, माझी उशी? खाली जाऊन खांद्यापर्यंत हात घातला. डब्याच्या तळाशी आहे. डब्यात मऊ भरण असलं की आवाज भरदार होतो, असं वाचलंय. फोनवर हे बोललो नाही. उद्या रविवार, कुरिअर बंद. मागची सीट रिकामी आहे, पुढची तर आहेच.

उद्या: हिला पुढच्या सीटवर बसवून उशी पोचवणे.