मुदत संपलेले धडे

बाई, आपल्या मोफत सॉफ्टवेअरच्या मंचावरच्या सगळ्यांची सध्या एकच तक्रार आहे: फुकट म्हणून उतरवून घ्यावं, त्यात काम साठवावं आणि महिन्याभरात त्यालाच कुलूप लागावं. उद्या नाशिकरोडला, तुमच्या क्लासच्या जुन्या खोलीतच, सभासद जमणार आहेत. शेअरवेअर आणि ट्रायलची, म्हणजे काही दिवस फुकट चालून मग पैसे मागणारी सॉफ्टवेअरं मोफतच्या मंचावर ठेवायची की नाही, हे ठरवायला. बोलायला अर्थातच मला उभं करणार आहेत.

तुम्हाला तो रविवार आठवत असेल. कळवणच्या मास्तरांनी आवाज रेकॉर्ड करायचं एक सॉफ्टवेअर मंचावर टाकलं होतं, तीस दिवसांचं. मी उभी राहिले आणि बोलत सुटले: हे देणं नव्हे, बियाणं वाटून उगवल्यावर शेताला कुंपण घालणं आहे. टाळ्या पडल्या. मास्तर मान खाली घालून बसले. तुम्ही चहा गाळता गाळता म्हणालात, "भाषण झकास झालं गं. पण त्यांच्या पोरांना सोमवारी धडा ऐकवायचाय. त्याला तुझ्याकडे काय आहे?" तुम्ही ते सॉफ्टवेअर राहू दिलंत, आणि स्वतःही तेच घेऊन त्या पोरांसाठी धडे वाचायला लागलात. कशातही उघडेल अशा खुल्या फॉरमॅटमध्ये नंतर टाकू, म्हणत होतात. दिवाळीआधीच तुम्ही गेलात.

आज तुमच्या कॉम्प्युटरवर ते धडे ओळीनं दिसतात. क्लिक केलं की चौकट येते: मुदत संपली, परवाना विकत घ्या. घेतलाही असता, पण विकणारी कंपनीच कधीची बंद पडली आहे. दुसऱ्या कशात त्या फाइली उघडत नाहीत. मास्तर परवा येऊन गेले, एकेका धड्यावर क्लिक करून बघितलं. "बाईंचा आवाज आतच हाय ना?" एवढंच म्हणाले.

माझं मत बदललेलं नाही, बाई. ज्याला मुदत आहे ते आपल्या मंचावर नको, हे मी उद्या ठणकावून सांगेन. हे सगळं तुमच्याच कॉम्प्युटरवर, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते आहे. ती कुठेही उघडेल. पाठवायची कुठे, ते कळत नाही. उद्या शेवटी मी म्हणेन: ज्यांच्या फाइली अजून उघडतात, त्यांनी घरी जाऊन आधी त्या खुल्या फॉरमॅटमध्ये उतरवून ठेवा. कुणाच्या उघडल्या नाहीत, असं कुणीतरी विचारेल. ते मात्र माझ्याच्यानं सांगवणार नाही. हा वाद मला जिंकायचा होता, पण तुम्ही समोर असताना.