चोवीस फूट उतार

वडनेर,
९ जानेवारी २०२५

ती. ताईस,

कुंदनचा नमस्कार. वाकून नाई, उभ्यानंच. वि. वि.

काल तू फोन तीनदा कट केला म्हणून कागदावर उतरलो. आपल्या घरचा नियमच आहे तो. बाबा एकतीस वर्षं सायकलवर गावोगाव डाक वाटत फिरले, त्यांचं म्हणणं, घरातलं भांडण लिहून करावं. लिहिताना माणसाले वाक्य तरी पूर्ण करावं लागते. तर घे, पूर्ण वाक्यं.

मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती तुझ्याकडे सिंदीले आहे, तिले पायऱ्या चढायच्या नाईत, उकिडवं बसायचं नाई, हे सगळं मले समजते. आपल्या घरी दोन फूट उंच ओटा, त्याले तीन पायऱ्या, अन् संडास घरामागच्या सांदवाडीच्या पार टोकाले. अशा घरात ती येऊ शकत नाई, हे समजायले बारावी पास व्हावं लागत नाई. पण कुंदननं हात लावलेलं एकही काम पुरं झालं नाई, म्हणून माय आता कायमची सिंदीलेच राहील, हे तू काल फोनवर, भाऊजींसमोर, काऊन म्हटलं? माय मागं बसून होती. तिनं हळूच विचारलं की माझ्या वालाच्या वेलाले पाणी कोण देते. तुले ऐकू गेलं नाई. मले गेलं.

तर ऐक. ओट्याले लागून न्हाणी बांधतो, तिच्यातच कमोड. पायऱ्या बुजवून उतार करतो. मिस्त्री लावत नाई. उदयपूरले हॉटेलच्या साईटवर सात महिने उस्तादाच्या हाताखाली कोबा घोटला आहे मी. त्या हॉटेलात एक कबूतर रोज खाली उतरे अन् फरशीत दिसणाऱ्या कबुतराशी भांडे. चोच रक्ताळली तरी सोडे ना. शेवटी उस्तादानं तिथं पोतं अंथरलं. कशावरून कुठं आलो मी. हो, कोबा. तसा कोबा वडनेरात कोणाच्या घरी नाई.

२३ फेब्रुवारी, रविवार. त्या दिवशी माय घरी. लिहून ठेव.

राग कळावा. लोभ जेवढा उरला असेल तेवढा जपून ठेवावा.

तुझा धाकटा,
कुंदन


सिंदी (रेल्वे),
१५ जानेवारी २०२५

चि. कुंदन यास,

अनेक आशीर्वाद. त्यातले अर्धे आत्ता, अर्धे काम झाल्यावर, कारण तुझीच पद्धत आहे ती.

सांदवाडीत जाऊन एकदा नीट बघ. कोंबड्या नसलेलं खुराडं कोणाचं? एकाच दोरीवर लटकलेला झोका कोणाचा? पाण्याच्या टाकीसाठी चार खांब उभे केलेस आणि पाचव्या दिवशी सुरतेला निघून गेलास. त्या खांबांना दोरी बांधून आई कपडे वाळत घालायची. तू एकच काम शेवटापर्यंत नेतोस, निघून जाण्याचं. हे मी तुझ्या भाऊजींसमोर म्हटलं आणि तुझ्यासमोरही म्हणेन.

मला आईला इथे कोंडून ठेवायची हौस आहे असं तुला वाटतं का? ती रोज वॉकर धरून व्हरांड्यात आठ फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीला फाटकाकडे बघते. मी शाळेत वर्गावर असते आणि लक्ष घरी असतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय की या वयात, या हाडांनी ती एकदा पडली तर पुन्हा उभी राहणार नाही. एकदाच, कुंदन. तिथे तुझं अर्धं काम चालणार नाही.

तिळगूळ पाठवते आहे. गोड बोलायची सक्ती नाही, बाबांशी निदान बोल.

आईचा तुला आशीर्वाद आहे, पूर्ण. माझा लोभ कामावर अवलंबून.

तुझी,
मीराताई


वडनेर,
२५ जानेवारी २०२५

ती. ताईस,

नमस्कार, अन् हा घे पुरावा. न्हाणी झाली. भिंती झाल्या, दार लागलं, कमोड बसला, पाणी जाते. खाली कोबा असा घोटला की वाकून पाहिलं तर दाढी दिसते. पाच बाय चार फुटांत मी तीन दिवस गुडघ्यांवर होतो, आता ऑपरेशन माझंच करा. बाबांले बोलावून दाखवलं. त्यांनी पाहिलं अन् म्हणाले, बरं. एवढंच. एकतीस वर्षं लोकांच्या पत्रांतले शब्द वाहिले, स्वतःचे वापरले नाई, म्हणून शिल्लक असतील पोतंभर.

पण खरा राग पुढं आहे. उतारासाठी मी मुरूम टाकून दहा फुटांचा भराव केला, चोपून पक्का केला. तर बाबा आपली डाकेची सायकल घेऊन आले. ज्या सायकलीले तू-मी लहानपणी हात लावला तर मार खाल्ला, तीच. मागं गव्हाचं पन्नास किलोचं पोतं बांधलं, कारण मायचं वजन बावन्न, अन् पायडल मारत उतारावर निघाले, तर मधातच उतरून ढकलत वर न्यावी लागली. वर पोचून म्हणाले, लय चढ आहे, वाढव. पंधरा फूट केला. पुन्हा पोतं, पुन्हा सायकल, पुन्हा वाढव. वीस केला. ताई, मी फावडं फेकून दिलं. मी म्हटलं, माय काही पार्सल नाई. तर म्हणतात, ज्या चढावर भरल्या सायकलीवरून उतरावं लागते, त्या चढावर तुझी माय चढणार नाई. शेवटी चोवीस फुटांवर त्यांची सायकल राजी झाली. चोवीस! उतार आता थेट वालाच्या मांडवात घुसला आहे. अर्धा मांडव काढावा लागला. मायले तू सांग, माझी हिंमत नाई.

मधात दोन दिवस शेजारच्या सुलोचनाबाईच्या विहिरीवरची मोटर खोलून बसलो होतो, ते सोड. चालू झाली.

लोभ वाढवा, उतार आता वाढत नाई.

कुंदन


सिंदी (रेल्वे),
३० जानेवारी २०२५

चि. कुंदन यास,

आशीर्वाद, या वेळी पाऊण.

तुझं पत्र वाचून मी दवाखान्यातून मिळालेला कागद काढला. त्यात लिहिलंय, एक फूट उंचीला बारा फूट उतार. ओटा दोन फूट. गुणाकार तूच कर आणि बाबांना जाऊन सांग की त्यांची सायकल बरोबर होती. सांगणार नाहीस, माहीत आहे मला.

मांडवाचं आईला सांगितलं. ती वॉकर घेऊन व्हरांड्यात गेली. संध्याकाळी म्हणाली, वाल पुन्हा लावता येतो.

परवा बाबांचा फोन आला. वॉकरच्या पायांना रबर आहे का, विचारलं. आहे म्हटलं. घासलंय का, विचारलं. का विचारता म्हटलं तर फोन ठेवला. तुम्हा दोघांचा पूर्ण वाक्यांचा नियम फक्त दुसऱ्यांसाठी आहे.

तेवीस तारीख विसरू नकोस. कठडा राहिला आहे, तो आधी.

घाईत,
मीराताई


नाचणगाव,
६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

पत्ता पाहून समजलं असेल. हो, निघून आलो. माझा दोस्त योगेंद्र, त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात झोपून राह्यलो. आता आशीर्वाद देऊ नको, अर्धा पण नको.

काल उतारावर शेवटचा कोबा टाकला. सकाळी सहाले सुरू करून साडेनऊपर्यंत घोटला. चोवीस फूट लांब, चार फूट रुंद, आभाळ दिसे त्यात. ताई, तू मोजलेल्या सगळ्या अर्ध्या कामांच्या तोंडावर मारायले तेवढा एक उतार पुरला असता. कोबा वाळेपर्यंत म्हणून कठड्याचे पाईप आणायले हिंगणघाटले गेलतो. बाबांले दोनदा बजावून गेलतो की कुत्रं, कोंबडी, माणूस, कोणी पाय ठेवू नका.

चार वाजता आलो तर अंगणात सायकल उभी. पुढचं चाक नाई. विटांवर टेकवलेली. मले वाटलं, चोरी झाली. मग उतार पाहिला. खालपासून वरपर्यंत, चार-चार बोटांच्या अंतरावर, आडव्या रेघा. टायरच्या नक्षीसकट. वाकड्यातिकड्या, एक इकडं कललेली, एक तिकडं. शंभरावर असतील. चाक ओट्याले टेकून ठेवलं होतं, सिमेंटानं माखलेलं. बाबांनी हातात आस धरून एका बाजूनं चाक दाबत ढकललं अन् समोरून सुलोचनाबाईनं झेललं, अन् असं खालपासून वरपर्यंत दोघांनी केलं. हे सुलोचनाबाईच सांगून राह्यली होती, वरून हसून. जिच्या मोटरीसाठी मी दोन दिवस घातले ती बाई.

बाबांले विचारलं, काऊन केलं? ते हात धूत होते. धूतच राहिले.

मी कोबा घोटायचा गुरमाळा विहिरीजवळ फेकला अन् पाईपांसकट मिळेल त्या गाडीनं निघालो. मी अर्धं सोडतो म्हणता ना तुम्ही. या वेळी पुरं केलं होतं, ते यांनी खराब केलं. आता माय तिथं येवो की न येवो, माझ्याकडून झालं. योगेंद्र म्हणते, पाईप आणलेच आहेत तर कठडा जोडून घे. जोडून राह्यलो, हाताले काही तरी लागते म्हणून. बाकी काही समजू नको.

लोभ कोणाचाच नको.

कुंदन


वडनेर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. कुंदन यास,

हरिभाऊकडून आशीर्वाद. पत्र योगेंद्रच्या पत्त्यावर टाकतो. मी दुसऱ्यांची पत्रे वाटली, स्वतः लिहिण्याची वेळ आली नव्हती. चूक असेल तर दुरुस्त करून वाचणे.

२७ जानेवारीस सकाळी मी तुझ्या न्हाणीत आंघोळीस गेलो. पाणी पडताच पाय सरकला. कोपरावर पडलो. सुलोचनाबाईंची मोटर पुन्हा बंद पडली म्हणून तू विहिरीवर होतास. उठता येईना म्हणून हाक दिली ती सुलोचनाबाईंनी ऐकली. त्यांनी उठवले. कोणास सांगू नका म्हणून मीच त्यांना म्हटले. कोपर अजून पूर्ण वळत नाही, म्हणून अक्षर असे आहे.

हॉटेलात लोक बूट घालून येतात. तुझी आई अनवाणी येईल, वॉकर धरून, ओल्या पायांनी. तू उतारही तसाच घोटत होतास. सकाळपासून मी ओट्यावर बसून पाहत होतो. सांगावयास तीनदा उठलो. तू गाणे म्हणत होतास. घरातले पहिले काम तू पूर्ण करीत होतास आणि ते चुकले आहे असे मला म्हणवेना. तू हिंगणघाटला गेलास, सिमेंट ओले होते, दुपारपर्यंत वाळले असते. मग मला दुसरे काही सुचले नाही. चिखलात माझी सायकल कधी घसरली नाही ती त्या नक्षीमुळे, एवढेच मला ठाऊक. टायर गेला. त्याचे काही नाही.

बोलायचे ते बोललो नाही, ही माझी चूक. पण तूही कारण ऐकायला दोन मिनिटे थांबला नाहीस. तुझ्या जाण्याचा मला राग आहे आणि तो या पत्राने कमी झालेला नाही.

तुझ्या आईचा काल फोन होता. तेवीस तारखेला ती येणार आहे. कठडा नसेल तर बसून, हाताने सरकत वर चढेन म्हणाली. ती तसे करील.

कळावे, आणि कळल्यावर उत्तर द्यावे.

हरिभाऊ


नाचणगाव,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,

कुंदनचा नमस्कार. या वेळी वाकून, पण रागानं.

पत्र चारदा वाचलं. पडलात तर सांगायचं होतं. कोपर घेऊन पंधरा दिवस हिंडता, त्याच कोपरानं शंभर वेळा चाक दाबता, अन् मले विचारता की मी थांबलो काऊन नाई? मी हात धूत असलेल्या माणसापुढं उभा होतो, बाबा. एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही पडल्यावरही नऊ दिवस मी त्या न्हाणीची तारीफ गावभर करत फिरलो, अन् तुम्ही ऐकत राहिले.

ताईले लिहिलेलं कबूतर तुम्हाले माहीत नाई. उदयपूरले एक कबूतर फरशीत दिसणाऱ्या कबुतराशी भांडे. तेव्हा मी हसलो होतो. तसल्या फरशीवर, त्याच्या जागी, मायले मनात पाहून काल जेवलो नाई. योगेंद्रले वाटलं, भाजी बिघडली.

तर आता माझं ऐका. उताराचं तुम्ही केलं, पण न्हाणी तशीच आहे. तिथला कोबा महिन्याचा झाला, त्याच्यावर चाक उमटणार नाई. तिथं छन्नीनं कोबा खाचून टाचे मारावे लागतील, चार बोटांच्या अंतरानं, तुमच्या रेघांसारखेच. वाकडे जमणार नाईत मले, सरळच येतील. अठराले पोचतो. तोपर्यंत न्हाणीले बाहेरून कडी लावा अन् विहिरीवर आंघोळ करा. सुलोचनाबाईले सांगा, कोणाले आत जाऊ देऊ नको. कोपर दाखवायले आपण दोघं एकोणीसले हिंगणघाटले जाऊ. याच्यावर भांडायचं असेल तर लिहून ठेवा, आल्यावर वाचतो.

कठडा तयार आहे. दोन्ही बाजूंचा. उंची योगेंद्रच्या मायले उभं करून घेतली, ती आपल्या मायएवढीच आहे. हात धरायच्या जागी पाईप कानशीनं घासून खरखरीत केला. चमक ठेवली नाई.

सायकलीचं पुढचं चाक लावू नका. टायर मी नवा आणतो, लावतो पण मीच. बावीस तारखेले शनिवार आहे. त्या दिवशी मागं पोतं बांधा अन् उताराले पाणी मारून, माझ्यासमोर, एकदा वर नेऊन पाहा. पोतं शनिवारी चढेल. माय रविवारी.

राग जसाच्या तसा घेऊन येऊन राह्यलो. मधात कुठं उतरणार नाई.

तुमचा,
कुंदन