सात वाजताची ओ

९ जानेवारी
आज सगळी घरं आली. चौदाच्या चौदा. सातला मोबाईल तोंडाशी धरला आणि बाबांसारखी हाक दिली. वरचं घर, खारीवरचं, तळ्याकडचं, पिंपळाकडचं, असं करत करत शेवटी माडाखालचं. बाबा टेकाडावर उभे राहून गावकीचा निरोप द्यायचे, मी वारज्यात तिसऱ्या मजल्यावर तुळशीपाशी उभी राहते, एवढाच फरक. नियम तोच. हाक आली की घरानं ओ द्यायची. ओ आली नाही तर माणूस पाठवायचा, आजारी आहेत की रुसलेत ते बघायला. माडाखालचं म्हणजे माझं माहेर. विनू सगळ्यात शेवटी म्हणतो, ओ, आक्का. साठीचा झाला तरी आवाज अजून नाकातून.

मु. म्हणते, आजी, ग्रुपवर अशी हजेरी कुणी घेत नाही, लोक अंगठा दाखवतात. म्हटलं, आमच्या गावात अंगठा दाखवला तर भांडण होतं.

११ जाने.
मुक्ताच्या डोक्यातून निघालेलं हे खूळ, पण खूळ चांगलं आहे. नात माझी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावाच्या समुद्राला चिकटून अणुभट्टी आणतायत. नको म्हणायला बायका देवळात जमल्या तर पाच माणसं जमायची बंदी लावली, फळ्यावर लिहिलं तर फळा उचलून नेला. मु. म्हणाली, इकडे पुण्यात बोलू द्या, लिहू द्या म्हणणारे आहेत, त्यांची आणि गावाची गाठ घालून देते. घातली. आता गावातले लिहीत नाहीत आणि हे बोलणारे ऐकत नाहीत, म्हणून मधे मी. ॲडमिन. तिसरी पास.

आज मोबाईलवर सगळ्यांचे चेहरे दिसले. गावाला एवढंच विचारायचं होतं की फळा परत कसा मिळेल. बोलणाऱ्यांचं पाऊण तास चाललं होतं की पत्रात ‘निषेध’ लिहायचं का ‘तीव्र निषेध’. एक दाढीवाले आहेत, लिहितात म्हणे, त्यांचा ‘तीव्र’ला विरोध. खारीवरची येसूबाई मासे निवडता निवडता ऐकत होती. शेवटी म्हणाली, भाऊ, तुमचं झालं की उठवा. मला इतका आनंद झाला की पदर तोंडात धरला. तिकडे पाच जमले तर गुन्हा, इकडे चाळीस जमतात आणि एक काम होत नाही.

त्यांच्यातल्या वकीलबाई मात्र बऱ्या. कमी बोलतात.

१२ जाने.
मु. नं नवीन शिकवलं. आपला निरोप कुणी ऐकला, किती वाजता, त्याची यादी निघते. बाबांना हे मिळालं असतं तर अर्धं गाव उघडं पडलं असतं. दाढीवाले माझी सातची हाक साडेदहाला ऐकतात. उद्या त्यांना नावानं हाक मारणार.

१३ जाने.
मारली. सात वाजून पाचच्या आत ओ. चिडके होते पण दिली. सुधारतील.

१४ जाने. संक्रांत
पिंपळाकडचं आज आलं नाही, ते सगळे लग्नाला गेलेत. बाकीचे आले. हजेरी झाली की मी एक उजळणी बोलते, कोण कोण आलं त्याची. घराचं नाव, कर्त्या माणसाचं नाव, मग पुढचं. आजची फार सुरेख जमली. कुठे अडखळले नाही. एकदा बाबांचाच आवाज आल्यासारखं वाटलं.

दुपारी चेअरमनबाईंकडे हळदीकुंकू. त्या बाईचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे, माझ्या कुंड्यांतलं पाणी त्यांच्या गॅलरीत गळतं तेव्हापासून. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा, झाकण न बसणारा. सगळ्यांदेखत म्हणाल्या, आजी, तुम्ही हल्ली मोबाईलवर काय ओरडता हो सकाळी, आमच्या ह्यांची प्राणायामाची वेळ असते. म्हटलं, थांबा, ऐकवते. उजळणी ऐकवली. भिंगारेबाई म्हणाल्या, काय पाठ आहे हो तुम्हाला, आमच्या भजनाच्या ग्रुपवर टाका. टाकली. आम्ही सगळ्या आहोत त्यात, चेअरमनबाई सुद्धा. सोळा बायकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. आज मला झोप नाही यायची.

१५ जाने.
जिन्यातल्या फळ्यावर सूचना: ‘काही सभासद सोसायटीच्या आवारातून विकासविरोधी कार्य चालवत असल्याचे समजते. असे कार्य स्वतःच्या गावी जाऊन करावे. तसेच कुंड्यांखाली ताटल्या ठेवाव्यात. – चेअरमन.’

मी खाली पेन्सिलीनं लिहिलं, ताटल्या ठेवल्या आहेत. ओळ तिरकी वर गेली पण वाचता येते.

प्रकाशला (हा माझा मुलगा, शांत राहायचा पगार मिळतो असं वाटावं इतका शांत) फार राग आला. माझा नाही, पेन्सिलीचा. म्हणाला, आई, तुला ह्या वयात शत्रू कशाला हवेत? ह्या वयात दुसरं मिळतं काय.

१७ जाने.
चौकीतून एक पोलीस आला. साधा होता, दमलेला. विचारत होता, ग्रुप कोण चालवतं? प्र. पुढे झाला, साहेब, आईचं नुसतं नाव आहे, तिसरी शिकलेली बाई, तिला काय कळतं.

इतका अपमान ह्यांनी सुद्धा कधी केला नाही, आणि ह्यांनी तीस वर्षं मार्केट यार्डात काटा सांभाळला, तिथे तोंडं कशी असतात सगळ्यांना माहीत आहे.

म्हटलं, तिसरी शिकलेय आणि ॲडमिन मीच आहे. चहात साखर चालते का तुम्हाला?

चालते म्हणाला. नाव, पत्ता, वय लिहून घेतलं. जाताना हळूच विचारलं, आजी, तो समुद्र खरंच इतका जवळ आहे का. म्हटलं, अंघोळीचं पाणी तापेस्तोवर जाऊन येता येतं.

प्र. अजून बोलत नाहीये. मला बरंच वाटतंय.

२० जाने.
गावात नोटिसा आल्या. घरपोच. बंदी असताना लोक जमवले, अफवा पसरवल्या, तालुक्याला हजर राहून जबाब द्या. काल सकाळपासून दोन शिपाई फिरत होते.

येसूबाईनं सगळं सांगितलं. पहिली वरच्या घराला. मग खारीवरच्या. मग तळ्याकडच्या. मी मनात पुढचं घर म्हणत गेले आणि ती तेच घर सांगत गेली. वाटेत तीन घरं अशी आहेत की त्यांच्या अंगणातून जाऊन आधी पुढच्या घरी नोटीस दिली, त्यांना मागाहून. शिपाई वाटेनं गेलेच नाहीत. ते माझ्या हजेरीच्या क्रमानं गेले.

पिंपळाकडच्यांना नोटीस नाही.

संक्रांतीला पिंपळाकडचे लग्नाला गेले होते. त्या दिवसाचीच उजळणी मी

२१ जाने.
काल पुढे लिहिता आलं नाही.

चेअरमनबाईंकडे गेले. दारातच उभी राहिले. म्हणाल्या, मी नाही हो पुढे पाठवली, ह्यांना फक्त ऐकवली. त्यांच्या ह्यांना, म्हणजे चेअरमनना, विचारलं तर त्यांनी एका ओळखीच्यांना फक्त पाठवली. ओळखीचे कोण, तर त्या भट्टीच्या कंपनीत आहेत, चांगले गृहस्थ आहेत. आणि चेअरमन म्हणाले, त्यात एवढं काय आजी, तुमच्या लोकांना लपवायचं काय आहे?

एक जिना चढून घरी आले तेव्हा उत्तर सुचलं, पण मग परत कोण जाणार.

त्यांना शिव्या द्यायला मजा येते, पण यादी त्यांनी केली नाही. माझ्या तोंडून गेली. कौतुकाच्या हौसेपायी.

२२ जाने.
सातला हाक दिली नाही. आधी सांगून टाकलं. सगळ्यांना, बोलणाऱ्यांना सुद्धा. नोटिसा ज्या यादीवरून आल्या ती मी हळदीकुंकवात वाजवली, मग भजनाच्या ग्रुपवर टाकली. माझी चूक आहे. मग बटण सोडलं.

येसूबाईची ओ पहिली. म्हणाली, गेली तर गेली, आम्ही काय नाव बदलून राहतो?

बोलणाऱ्यांनी लगेच बैठक लावली. दुसरं ॲप घ्या, खोटी नावं घ्या, घरांना आकडे द्या. वरच्या घरचे आप्पा म्हणाले, चार पिढ्या ह्या घराला वरचं घर म्हणतात, ह्या कंपनीसाठी ते सात नंबर व्हायचं? बोलणाऱ्यांनी आकडे मागे घेतले, गावासमोर त्यांनी पहिल्यांदाच काही मागे घेतलं. वकीलबाईंनी नोटिसांचे फोटो मागवले, म्हणाल्या प्रत्येक घराचा जबाब वेगळा लिहायचा. दाढीवाले दुपारभर येसूबाईच्या फोनवर. ती सांगते, ते लिहितात. ‘तीव्र’ घातलं का विचारलं मी. म्हणाले, आजी, बाई स्वतःच घालतायत, मी कमी करतोय.

हे चांगलं झालं. पण विनूची ओ नाही.

२४ जाने.
विनूचा फोन. त्याची सून स्वाती अंगणवाडीत आहे. तिला वेगळं पत्र आलंय, तुम्हाला कामावरून का काढू नये. साहेबांनी तोंडी सांगितलं की ३० तारखेपर्यंत सासऱ्यांनी लिहून द्यावं, आमच्या घराची भट्टीला हरकत नाही. मग बघू. घर त्या पोरीच्या पगारावर चालतं, आंब्याचं काही खरं नसतं.

म्हटलं, विनू, वकीलबाई म्हणतात असं तोंडी सांगणं

पुढे बोलू दिलं नाही.

“आक्का, आमचा घर तुझ्या हजेरीतसून काढ.”

आणि म्हणाला, बाबांची हाक गावात फिरायची. तू ती कुणाच्या दिवाणखान्यात नेलीस?

ठेवला फोन. भाऊबीजेला आला होता तेव्हा माझ्या ताटातली कोथिंबिरीची वडी उचलून खाल्लीन.

२५ जाने.
मु. आणि प्र. चं जोरात भांडण. प्र. म्हणतो, ग्रुप बंद कर, मामाचं घर वाचेल. मु. म्हणते, बाबा, यादी गेली आहे, आता ग्रुप बंद केला तर ती तेरा घरं एकटी पडतील. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी शेंगा सोलत राहिले. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच दोघांचा राग येतो.

जिन्यातला फळा: पाण्याच्या टाकीची सफाई. आमच्याबद्दल काही नाही. चेअरमनबाई लिफ्टमधे छताकडे बघत होत्या. छतावर काही नव्हतं.

२७ जाने.
तेरा घरांचे जबाब गेले. पिंपळाकडचे रुसलेत, आम्हालाच नोटीस नाही म्हणजे काय, आम्ही काय भट्टीवाले आहोत? त्यांनी आपण होऊन जबाब दिला. वकीलबाई डोक्याला हात लावून बसल्या. मी हसले, किती दिवसांनी. म्हणजे त्यांचा धरून तेरा. विनूचा नाही.

त्यानं लिहून दिलं असेल का? कुणी सांगत नाही. येसूबाई म्हणते, माडाखालच्यांचं दार लावलेलं असतं.

२८ जाने.
सातला हाका मारत गेले. वरचं, खारीवरचं, तळ्याकडचं, पिंपळाकडचं. (उजळणी आता बोलत नाही. ती माझ्या डोक्यात.) शेवटी माडाखालचं यायचं. काढ म्हणाला होता म्हणून नाव घेतलं नाही. पण वगळून बटण सोडवेना. बाबा टेकाडावर दमले की थांबायचे, तेवढी थांबले. दोन श्वास. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, त्याचा आवाज गेला त्यात.

मु. नं यादी काढून दाखवली. ऐकणाऱ्यांत विनायक, म्हणजे आमचा विनू. सात वाजून चार मिनिटं. ग्रुपमधून गेलेला नाही.

ओ नाही.

ओ आली नाही तर माणूस पाठवायचा. पाठवायला मी सोडून आहे कोण. मु. ची परीक्षा आहे, प्र. ला विचारलं तर तिकीट फाडेल. उद्याच्या रातराणीचं मिळालंय, मधली जागा, खिडकी नाही. पिशवीत स्वातीसाठी तिळाच्या वड्या आणि वकीलबाईंनी विनूसाठी लिहून दिलेला जबाबाचा कागद, सहीला कोरी जागा सोडलेला. त्याच्यावर सही कर म्हणायला जात नाहीये. नको कर म्हणायला पण नाही. चूक माझी होती ते तोंडावर सांगायचंय, मोबाईलवर सांगितलेलं धरत नाहीत आमच्यात.

गाडी पावणेसातला पोचते. म्हणजे सात वाजता मी त्याच्याच अंगणात. तेरा घरांना हाका मारून होतील, आणि मग शेवटची, मोबाईल बाजूला ठेवून, लावलेल्या दाराकडे तोंड करून, नुसतीच, विनू.