महादूचं गाऱ्हाणं

५ जानेवारी
आज आरोंद्यापलीकडच्या वाडीत नर्स म्हणून रुजू झाले. उपकेंद्र खाडीला लागूनच, खोली हवेशीर. शेजारच्या कार्मेलिनामावशीने आल्या आल्या बांगड्याचं तिखलं पाठवलं. गोव्यात सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, आता ही अख्खी वाडी माझी! भिंतीवर मोठा पडदा आहे. शहरातल्या डॉ. किशोरी रोज दहा ते एक त्यावरून रोगी तपासतात. बीपी, नाडी मी मोजून सांगायची. सोय झकास आहे. पूर्वी डॉक्टर गाठायला माणसांचा सगळा दिवस मोडायचा.

१२ जानेवारी
या किशोरी मॅडमचं काय ते कौतुक! जखम मी धुते, सुई मी टोचते, आणि माणसं हात जोडतात ते पडद्याला. वाडीतल्या म्हाताऱ्या महादूने तर आज पडद्यापुढे काजूगर ठेवले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. ‘बाये डागतरणी म्हाराजा, माझ्या गुडघ्याक आराम पडांदे!’ बाकावरचे सगळे ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’ जो हजर असेल त्याने होकार द्यायचाच, अशी रीत. मॅडम खळखळून हसल्या. माझा मात्र जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू?

२० जानेवारी
आज नेटची वायर मीच काढून माझ्या पेटीत टाकली. नेट गेलं म्हणून सांगितलं. तीन तास सगळे माझ्याकडे! कार्मेलिनामावशीचा जबडा आणि डावा हात दुखत होता, घामाने निथळत होती. ‘माका त्या बायेकच दाखवूचा आसा,’ असं दोनदा म्हणाली. मला झोंबलं. पित्त आहे सांगून गोळी देऊन घरी पाठवलं.

२१ जानेवारी
मावशी गेली. पहाटे. हृदयविकार. मॅडमनी पाहताक्षणी ओळखलं असतं.
वायर अजून लावली नाही. लगेच लावली तर लोकांना कळेल.

२२ जानेवारी
माती दिली. नंतर महादू सगळ्यांना घेऊन बंद पडद्यासमोर उभा राहिला. ‘जेणां कोणी हिची वाट अडवली आसात, तेका हिचाच दुखणा लागांदे म्हाराजा!’
सगळे माझ्याकडे बघत होते. की मलाच तसं वाटलं? गप्प राहिले असते तर — मीही म्हटलं. मोठ्याने. व्हय म्हाराजा.

२३ जानेवारी
दहा वाजता पडदा आपोआप चालू झाला. वायर पेटीतच आहे — दोनदा बघितलं.
मॅडम समोरच्या स्टुलाकडे बघून बोलत होत्या. स्टूल रिकामं. मावशी, दुखतं कुठे, म्हणून विचारत होत्या. इतक्या मायेने माझ्याशी कधी —

२४ जानेवारी
सकाळपासून जबडा. घाम. बीपी मोजता येत नाही, पट्टा निसटतो.
पडदा चालू. मॅडम माझ्याकडे बघतच नाहीत. ओरडले तरी नाही. स्टुलावरच्या मावशीशीच बोलतात, हसतात —
डावा हात जड —
मॅडम, मी इथे —
मावशी, ऊठ गो, आता माझा नंबर —